निळी चिंधी

उस्ताद कुणाकडेही बघताना डावा डोळा मिटायचे. रायफलची नळी उजेडाकडे धरून आरपार बघण्यात त्यांचा जन्म गेलेला, त्यामुळे माणूससुद्धा त्यांना तसाच बघावासा वाटायचा. तुम्ही त्यांच्यासमोर उभे राहिला असतात तर तुम्हालाही वाटलं असतं, आपल्या आत कुठेतरी गंज लागलाय आणि या माणसाला तो दिसलाय.

बाळकुमला खाडीच्या बाजूला आमचा रायफल क्लब आहे. चारी बाजूंनी टॉवर उठलेत आणि मधे ही पत्र्याची लांब शेड. मी तिथे झाडलोट करते, चहा करते. उस्ताद पोलिसात हत्यारं दुरुस्त करायचे, रिटायर होऊन इथे आले. क्लबच्या सगळ्या रायफली त्यांच्या ताब्यात होत्या. त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. सेक्रेटरीसुद्धा उस्तादच म्हणायचे.

पहिल्याच दिवशी मी त्यांच्या नजरेतून उतरले. हत्यारांच्या खोलीच्या दाराच्या फटीत झाडूची एक काडी अडकलेली दिसली, ती मी काढून केरात टाकली. दुपारी उस्ताद आले आणि दारासमोर उभेच राहिले. काडी त्यांनीच लावलेली होती. दार कुणी उघडलं तर ती पडणार आणि त्यांना कळणार. "काडी कुठाय?" म्हणाले. मी केराची सुपडी पुढे केली. त्यांनी एक डोळा मिटून सुपडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बघू," एवढंच म्हणाले. ते बघणं पुढे किती वर्षं चाललं.

कुलूप लावून ओढायचे, गेटपर्यंत जायचे, परत येऊन ओढायचे. केळी घेतली की वास घेऊन बघायचे. मुलगी कल्याणला राहायची. तिचा फोन आला, स्क्रीनवर तिचं नाव आलं, तरी विचारायचे, "कोण बोलतंय?" तिचं वैतागणं मला चहाच्या टेबलापर्यंत ऐकू यायचं. फोन ठेवल्यावर मला समजावायचे, "फोन तिचा आहे. हातात कुणी धरलाय ते कसं कळणार?"

भरवसा फक्त एका गोष्टीवर होता, नळी पुसायच्या चिंधीवर. "माणूस काहीही सांगेल," म्हणायचे. "चिंधी खोटं बोलत नाही."

त्या चिंध्या मी कापून द्यायचे. आमच्या शेजारच्या आजोबांची जुनी धोतरं मी धुऊन मऊ करून आणायचे. खळ नको, नीळ नको, सुटा दोरा नको. एकेक तुकडा ते उजेडाकडे धरून बघायचे आणि नापास झालेले माझ्याकडे परत यायचे. त्या तुकड्यांच्या मी घरी हातपुसण्या केल्या.

आता स्नेहलचं सांगते. ही पोरगी डोंबिवलीहून यायची. वडील रिक्षा चालवायचे. नेम असा की कमिटीतले मोठे लोकही तिची पाळी आली की गप्प बसून बघायचे. राज्याच्या संघाची निवड जवळ आली म्हणून क्लबने तिच्या रायफलला नवी नळी बसवली.

नवी नळी आल्यावर उस्ताद घरात बाळंतीण असल्यासारखे वागायला लागले. नव्या नळीला आधी वळण लावावं लागतं, म्हणाले, मग ती जन्मभर तशीच वागते. स्नेहलने एक गोळी मारायची आणि थांबायचं. उस्ताद लांब सळईच्या पितळी टोकाला तेलाची चिंधी लावून नळीत घालणार, मागच्या बाजूनेच, तोंडाकडून कधी नाही. मग कोरडी चिंधी. मग पुन्हा एक गोळी. वापरलेल्या चिंध्या ते टेबलावर पापडासारख्या ओळीने मांडायचे. आधी काळ्या, मग करड्या, मग पांढऱ्या. स्नेहल कंटाळून माझ्याकडे बघायची. मी तिला गुपचूप चहा द्यायचे.

त्या नळीत फक्त साध्या शिशाच्या गोळ्या मारायच्या, असं त्यांनी तिला बजावलं होतं. क्लबात तांब्याचा मुलामा दिलेल्या हलक्या गोळ्याही होत्या, नवशिक्यांसाठी. त्यांना हात लावायचा नाही. "शिसं काळं निघतं, तांबं निळं," ते म्हणाले. "मला कळेल."

शेवटची चिंधी पांढरी निघाली आणि उस्ताद मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नौपाड्यात गेले. खोलीची किल्ली नाइलाजाने सेक्रेटरींकडे दिली. थोडे दिवस स्नेहलचा सराव त्यांच्या देखरेखीखाली झाला. देखरेख म्हणजे सेक्रेटरी फोनवर बोलत असायचे आणि ती गोळ्या मारायची.

उस्ताद काळा चष्मा लावून परत आले. सेक्रेटरींनी नळी साफ करायच्या नव्या औषधाची बाटली आणून ठेवली होती. झाकण उघडलं तर डोळ्यांत पाणी यावं असा वास. बाटली इकडून तिकडून तपासून उस्तादांनी चिंधी भिजवली, सळईला लावली, स्नेहलच्या नळीतून काढली आणि उजेडाकडे धरली.

"बाई, इकडे ये. माझे डोळे अजून कच्चे आहेत. हा कोणता रंग?"

मी बघितलं. "निळा."

आधी संशय माझ्यावर आला. नीळ घातलीस का धोतरांना, म्हणाले. मी शपथ घेतली. त्यांनी शपथ ऐकली नाही. दुसरी कोरी चिंधी घेऊन तिच्यावर औषध टाकलं आणि थांबले. चिंधी पांढरीच राहिली. मी सुटले. मला सुटल्याचं बरं वाटलं, आणि लगेच लक्षात आलं की आता दुसरं कुणीतरी अडकणार.

स्नेहल आली तेव्हा निळ्या चिंध्या टेबलावर मांडलेल्या होत्या.

"कुठल्या गोळ्या मारल्यास?"

"तुम्ही दिलेल्याच, उस्ताद."

"मग हे तांबं कुठून आलं?"

"मला नाही माहीत. पण मी नाही मारल्या त्या."

"मी एकटा नाही सांगत. या बाईनेही बघितलंय."

ती माझ्याकडे वळली. चिंधी निळी होती हे खरंच होतं. मी कपबशा उचलल्या आणि मोरीकडे गेले.

उस्तादांनी तिची रायफल आत ठेवली, खोलीला कुलूप लावलं आणि ओढून बघितलं. रविवारी कमिटीसमोर हे ठेवणार होते. तिचं नाव क्लबातून गेलं असतं तर निवडीला जायचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी तिचे वडील रिक्षा गेटबाहेर लावून आत आले. "उस्ताद, पोरगी खोटं बोलत नाही माझी," एवढंच म्हणाले. उस्ताद म्हणाले, "बाप हेच म्हणणार."

संशय तेलासारखा असतो, एका बोटाचा दुसऱ्या बोटाला लागतो. दुसऱ्या दिवशी स्नेहल नुसती येऊन बाकावर बसली, तर मी तिच्या बॅगेकडे बघत होते. नवशिक्यांच्या गोळ्यांच्या खोक्याकडेही मी बघून आले. एका सभासदाने चहा घेता घेता मला विचारलं, काय हो, तुम्ही तर रोज इथे असता, तिला बघितलं का? मी नाही म्हटलं, पण माझाच आवाज मला खरा वाटला नाही.

त्या दिवशी उस्तादांनी पुन्हा पुन्हा नळी पुसली. पुन्हा पुन्हा निळं. शेवटी ते इतके चिडले की रायफल कुलपात ठेवून सळई तशीच टेबलावर टाकून निघून गेले. ओली सळई न पुसता ठेवलेली मी पहिल्यांदा बघितली. तिचं पितळी टोक माझ्या कोऱ्या चिंध्यांच्या गठ्ठ्यावर पडलं होतं. मी हात लावला नाही. त्यांच्या वस्तू हलवायच्या नाहीत हे मी त्या काडीपासून शिकले होते.

शनिवारी सकाळी झाडायला गेले तर टोकाखाली वरच्या चिंधीवर निळा डाग होता.

रायफल तर कुलपात होती. ही चिंधी नळीत गेलीच नव्हती. उस्ताद म्हणणार, बाईने काहीतरी केलं. चिंधी केरात टाकावी असंही एकदा मनात आलं. मग स्नेहलचं माझ्याकडे वळलेलं तोंड आठवलं. मी झाडू भिंतीला लावला आणि ते येईपर्यंत तिथेच उभी राहिले.

"कुणी हात लावला?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"कुणी नाही. तुम्ही ठेवलीत तशीच आहे."

त्यांनी चष्मा काढला. वाकून बघितलं. मला वाटलं आता माझी पाळी. पण त्यांनी सळई उचलली, टोक लख्ख पुसलं, नवी चिंधी अंथरली, टोकावर औषधाचे थेंब सोडले आणि टोक चिंधीवर टेकवून बसून राहिले. मीही उभी राहिले. बाहेर कुठल्यातरी टॉवरचं काम चाललं होतं, त्याचा ठोक ठोक आवाज येत होता.

चिंधी हळूहळू निळी झाली.

"पितळेत तांबंच असतं," उस्ताद म्हणाले. मला नाही, सळईला म्हणाले. "जुन्या तेलाने कधी सुटलं नाही. या औषधाने सुटतंय." नोकरीत असल्यापासून ती सळई त्यांच्या हातात होती. सगळ्या जगाला एक डोळा मिटून बघितलं त्यांनी. ती सळई तेवढी राहून गेली होती.

रविवारी स्नेहल आणि तिचे वडील आले ते कमिटीच्या लोकांना भेटायला म्हणून. उस्ताद त्यांना गेटवरच आडवे गेले. मी चहाचा ट्रे घेऊन मागे.

"पोरी, सळईने रंग सोडला," म्हणाले. "सळई माझी. तुझं काही नाही."

स्नेहलच्या वडिलांनी विचारलं, "मग रायफल?"

उस्तादांनी खिशातून खोलीची किल्ली काढली आणि स्नेहलच्या हातात दिली. त्यांच्या हातून किल्ली अशी कुणाकडे गेलेली मी तोवर पाहिली नव्हती. ती आत गेली. उस्ताद गेटवरच थांबले, मागे वळून कुलपाकडे बघितलंही नाही. ट्रेमधला एक कप उचलून त्यांनी तिच्या वडिलांना दिला.

नंतर प्लास्टिकचं टोक मागवलं. "प्लास्टिकचाही काय भरवसा," म्हणत त्यालाही आधी औषध लावून कोऱ्या चिंधीवर ठेवायचे आणि मला हाक मारायचे, "बाई, तू बघ आधी." पांढरी आहे म्हटलं की मगच सळई नळीत जायची. माझ्या चिंध्या मात्र त्यानंतर नापास झाल्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात ते आजारी पडले, मुलीने कल्याणच्या हॉस्पिटलात नेलं. मी भेटायला गेले तर नर्स कुरकुरत होती, बाबा प्रत्येक इंजेक्शनचं सील बघायला मागतात. मला बघून त्यांनी डावा डोळा मिटला. ओळख पटल्यावर दोन्ही डोळे उघडले आणि विचारलं, "कुलूप ओढून बघितलंस?" मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. घरी येताना मला तेच आठवत राहिलं, त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या आठवड्यात ते गेले.

आता हत्यारं सांभाळायला दुसरा माणूस आहे, चांगला आहे, माझ्याकडे दोन्ही डोळ्यांनी बघतो. स्नेहल आपली रायफल आपणच साफ करते. आधी सळईच्या टोकावर औषध सोडते, ते कोऱ्या चिंधीवर टेकवते आणि थांबते. मग मला हाक मारते.

"मावशी, बघ ना."

मी हात पुसत जाते, वाकून बघते. "पांढरी आहे गं," म्हणते.

मगच ती नळी उजेडाकडे धरते, आणि डावा डोळा मिटते.