पायाचा पहिला भाव

लढाई संपली आणि मी उजवा पाय फरफटत नगरला उतरलो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बॉम्बचा तुकडा शिरून तिथली शीर तुटली होती. पाऊल वर उचलायचंच नाही, चालताना चवडा जमिनीला घासायचा. पायातली चप्पल सारखी निसटायची आणि मागून येणारा माणूस ती आणून द्यायचा.

लढाईआधी मी बैलांचा दलाल होतो. बापाने मागे काही ठेवलं नव्हतं, धंदा मी माझ्या तोंडाच्या जोरावर उभा केला होता. पण त्यात दिवसभर बाजार पालथा घालावा लागतो आणि बैल उधळला तर बाजूला उडी मारावी लागते. आता उडी मारली असती तर मी बैलाच्या अंगावरच पडलो असतो. म्हणून सगळी भिस्त जखमी शिपायाच्या पेन्शनवर होती. शरीर किती टक्के निकामी झालं, ते डॉक्टरांचा बोर्ड ठरवणार. वीसच्या खाली आलं तर पेन्शन नाही, नुसता सलाम.

टक्के ठरवायचे म्हटल्यावर मला हायसं वाटलं. राहुरीच्या बाजारात आम्ही उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव करायचो. विकणाऱ्याने दुप्पट सांगायचं, घेणाऱ्याने अर्धं द्यायचं, मग शिव्या, मग चहा, मग सौदा. पहिलाच भाव खरा सांगणारा माणूस मी त्या बाजारात पाहिलेला नाही.

बोर्डात एक गोरा मेजर होता, तो नुसता पाइप ओढत बसलेला. काम सगळं एक पुणेरी कॅप्टन करत होता.

"कुठून बधिर आहे?" त्याने विचारलं.

"कमरेपासून, साहेब. अख्खा पाय मेलाय."

माझा हिशेब सरळ होता. मी कमरेपासून म्हणायचं, त्याने घोट्यापासून म्हणायचं आणि दोघांनी गुडघ्याशी भेटायचं.

कॅप्टनने टाचणी काढून मांडीत टोचली. मी छताकडे बघत राहिलो. मग तळव्याला टोचली. रक्त आलं, पण मी पापणी हलवली नाही.

"लागलं का?"

"छे, साहेब."

त्याने टाचणी पुसली. "तुटलेली शीर गुडघ्याच्या बाहेरून नडगीवर आणि पावलाच्या वरच्या अंगाला जाते. मांडी आणि तळवा तिच्याकडे येत नाहीत. ते बधिर होतीलच कसे?"

"मग तुम्ही सांगा कुठून धरायचं."

"काय धरायचं?"

"पाय. तुमचा आकडा तरी येऊ द्या."

मी त्याच्या घरची म्हैस मागितल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. मग मेजरशी इंग्रजीत काही बोलला. मला मिळाले दहा टक्के. फाटकाबाहेर येऊन मी बोर्डाच्या सात पिढ्या काढल्या.

बायको बेलापूरची. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुमी तिथं पाय दाखवाया गेल्ता का इकाया?"

"भाव करावाच लागतो."

"डाक्टर काय गिऱ्हाईक हाय व्हय? मांडीचं खोटं निघालं, मग नडगीचं तरी त्यो कशाला खरं धरतोय?"

"तोंडावर म्हणायचं होतं त्याने. मी लगेच खाली आलो असतो."

"आता जेवडं मेलंय तेवडंच सांगा. डोळं मिटा."

तिने बाभळीचा काटा आणला आणि पाय टोचत सुटली. मी बोंबललो की जागा जिवंत, गप्प राहिलो की मेलेली. दोन्हींच्या मधून तिने काजळाची रेघ ओढली. तिला टोचायला नको इतकी मजा येत होती.

मी अपील केलं. दुसऱ्या बोर्डालाही तोच कॅप्टन होता. मी पाय धुऊन गेलो होतो, पण रेघ डोक्यात पक्की होती. नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाचा वरचा भाग, एवढंच मी सांगितलं.

"मांडी जिवंत झाली वाटतं."

"घरच्यांनी केली, साहेब."

या खेपेला त्याने टाचणीबरोबर पेन्सिल घेतली. त्याची रेघ बायकोच्या रेघेवरून गेली. मग त्याने दोन्ही पोटऱ्या फितीने मोजल्या, उजवी बारीक भरली. टाचांवर चालायला सांगितलं, तर उजवा चवडा फट्‌कन खाली आपटला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "वीस टक्के."

बायकोने त्या दिवशी गूळ वाटला. पेन्शन सुरू झाली, अजून चालू आहे, आणि मला अजून झोंबतं. समोरच्याने घासाघीस केली नाही, उठून गेला नाही, शिवी दिली नाही. मी तोंड उघडलं आणि तो बरोबर आहे म्हणाला. माझा बैल कोणी असा पहिल्या भावाला घेतला असता, तर मी ओळखलं असतं की माल स्वस्तात गेला. तीस तरी नक्की निघाले असते.