दुसऱ्याच्या मागे कोण

व्हावाऊ बेटावरच्या इस्पितळातले कॉम्प्युटर बंद पडू न देणं हे सेमिसीचं काम. त्यासाठी त्याने दोन सर्व्हर ठेवले होते. एक थांबला की दुसऱ्याने आपोआप काम उचलायचं.

रविवारी चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना दिवे गेले. सेमिसी उठला, तशी बायको लुसेआने चर्चसाठी कमरेला गुंडाळलेली त्याची चटई धरून त्याला खाली बसवलं.

"आज रविवार, कायद्यानेच काम बंद. दोन यंत्रं काय शोभेला ठेवलीस?"

तो बसला. भजनात त्याचे नुसते ओठ हलत राहिले.

प्रार्थना संपताच तो इस्पितळात धावला. वीज जाण्याच्या झटक्याने पहिला सर्व्हर बंद पडून थंड झाला होता. इस्पितळाच्या जनरेटरवर दुसऱ्याचा पंखा घरघरत होता.

"दिवे गेले होते?" नर्स म्हणाली. "इथे तर सगळं चालूच होतं."

त्याला हायसं वाटलं, पण क्षणभरच. आता दुसऱ्याच्या मागे कोणीच नव्हतं, आणि पहिल्याला सोमवारपर्यंत हात लावता येणार नव्हता. तो दुसऱ्याशेजारी स्टूल ओढून बसला.

दुपारी लुसेआ पानात शिजवलेलं मटण घेऊन आली.

"हे काम नव्हे का रे?"

"नुसता बसलोय."

"मग पाय का हलतोय?" असं म्हणत तिने पान उलगडलं आणि स्वतःसाठीही एक स्टूल ओढलं.