काकूंच्या घरामागचा ज्वालामुखी

काकूंना घाबरायला निमित्त लागत नसे. कुकरची शिट्टी जरा लांबली तरी त्यांचा जीव टांगणीला लागायचा. घरामागे गोलमटोल टेकड्या एकमेकींना खेटून बसल्या होत्या. लग्न होऊन आल्यापासून काकू त्यांच्या आडून अंगणात कपडे वाळतील एवढं ऊन येतंय का, इतकंच बघत आल्या होत्या.

वरच्या खोलीत भूगर्भशास्त्राच्या एक बाई भाड्याने राहायला आल्या. स्वभावाने शांत, फक्त रोज संध्याकाळी पिशवीभर दगड घेऊन जिना चढायच्या. एकदा जेवताना काकांनी विचारलं, रोज एवढं काय बघता तिकडे? बाई सहज म्हणाल्या, "अहो, हा सगळा ज्वालामुखी आहे."

'होता' म्हणायच्या ऐवजी 'आहे' म्हणाल्या आणि घात झाला. काकूंनी जेवण अर्धं टाकून माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. काका म्हणाले, लाव्हा दारात आला की हाक मार, आणि पेपर उघडून आरामखुर्चीत बसले.

काकूंनी शहरातल्या धाकट्या बहिणीला फोन केला, की आम्ही दोघं कायमचे तुझ्याकडे येतोय. बहिणीचं घर दोन खोल्यांचं. तिने जन्मात ज्वालामुखी पाहिला नव्हता, पण क्षणात तिला त्या विषयातलं सगळं कळायला लागलं. "ताई, इतकी वर्षं फुटला नाही, तो आताच कशाला फुटतोय? उगाच घर सोडू नकोस."

शेवटी बाईच स्वयंपाकघरात आल्या. पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यांनी खालून घट्ट मळलेली कणीक दाबली. वर एकाशेजारी एक गोळे फुगून आले. पातळ लाव्हा लांबवर वाहत जातो, त्या सांगू लागल्या, पण इथला फार घट्ट होता. जिथून निघाला तिथेच साचून त्याचे घुमट झाले. त्याला कोट्यवधी वर्षं झाली. वरची राख पावसाने धुऊन गेली, खालची आग कधीच विझून दगड झाली.

"म्हणजे बाहेर आला आणि तिथेच बसला?"

"हो."

"नंतर हललाच नाही?"

"नाही."

काकूंनी आरामखुर्चीकडे पाहिलं. "मग असला एक मी जन्मभर सांभाळतेच आहे," त्या म्हणाल्या. काकांनी पेपरचं पान उलटलं.

ट्रंक माळ्यावर गेली. दुसऱ्या दिवशी काकू चपला घालून बाईंबरोबर निघाल्या. घसरू, पडू म्हणून आजवर त्या टेकडीवर चढल्याच नव्हत्या. धापा टाकत, बाईंचा दंड घट्ट धरून वर पोचल्या. तिथल्या गुलाबी खडकात राखाडी रेघा वळत गेल्या होत्या. घट्ट लाव्हा सरकताना उमटलेल्या, असं बाईंनी सांगितलं. काकूंनी त्यावर तळवा टेकला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"गरम आहे हो."

"उन्हानं," बाई म्हणाल्या.

काकूंनी जरा विचार केला, पदराने खडकावरची धूळ पुसली आणि तळवा पुन्हा टेकवला.