डब्या वाचवणारे भावजी

आमच्या भावजींना ऑफिसात 'कंजूष' म्हणतात. हे घरात कळलं तेव्हा सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसकाच लागला. दर आठवड्याला एक पायमोजा हरवणारा माणूस म्हणे कंजूष!

कामात मात्र ते आहेतच. ब्राउझरच्या पोटात जावास्क्रिप्ट, म्हणजे वेबसाइट ज्या भाषेत लिहितात ती, चालवणारं इंजिन असतं. त्याचा वेग वाढवायचा, ही त्यांची नोकरी. त्या इंजिनात यादीतल्या वस्तू एकेक करून हातात देणारा एक इटरेटर असतो. "पुढचं दे" म्हटलं की हा महाभाग दर खेपेला नवी डबी तयार करतो. आत वस्तू आणि 'संपलं की नाही' याची चिठ्ठी. वस्तू घेतली की डबी कचऱ्यात. लाख वस्तू, लाख डब्या! भावजींच्या ते जिवाला लागलं. सहा आठवडे खपून त्यांनी डबीलाच रजा दिली. वेग अठरा टक्क्यांनी वाढला.

आणि एक चाचणी नापास झाली. प्रत्येक बदलानंतर इंजिन नीट चालतंय ना हे तपासणाऱ्या हजारोंतली एक. दुपारी चारपर्यंत कारण सापडलं नाही, तर बॉसबाई सगळा बदल मागे घेणार होत्या.

त्या दिवशी भावजी घरूनच काम करत होते. तीन वाजता, डोकं शांत व्हावं म्हणून, त्यांनी बूट धुवायला घेतले आणि काहीतरी सुचलं म्हणून अर्ध्यातून उठून कॉम्प्युटरपाशी आले. मागोमाग सासूबाई.

"अरे, नळ धो धो वाहतोय!"

"आई, मला अर्धीच बादली हवी होती गं."

"मग अर्ध्यावर उठणाऱ्याने नळ बंद करायचा नाही? बादली भरली असती तर केलाच असतास ना!"

भावजी खुर्चीतच थिजले. "वहिनी, आई काय म्हणाली?"

"नळ बंद कर म्हणाल्या."

"नाही, त्याआधी! अर्ध्यावर उठणाऱ्याने!"

आणि ते कीबोर्डवर तुटून पडले. नळ मी बंद केला.

झालं होतं ते असं. यादी शेवटपर्यंत गेली तर प्रश्नच नाही. पण कुणी मध्येच थांबलं, तर इटरेटरला 'पुरे, आता आवरून घे' असा निरोप द्यावा लागतो. डब्या काढताना भावजींनी तो निरोपही काढून टाकला होता. त्या चाचणीत फाइल चार ओळी वाचून सोडून देत आणि फाइल उघडीच राही.

चारला दहा कमी असताना निरोप जागेवर आला, चाचणी पास झाली. बॉसबाईंनी बदल ठेवून घेतला.

"आई, तुझ्यामुळे वाचलो!" भावजींनी सासूबाईंना मिठीच मारली. "निरोपाला थोडा वेळ जातो, पण तरी अकरा टक्के वेग वाढला."

"सकाळी फोनवर अठरा सांगत होतास."

"हो, पण..."

"मग बाकीचे सात कुठे सांडून आलास?"