आंधळ्याच्या हातातला मोबाईल

मला जन्मापासून दिसत नाही. पुढचा थांबा मोबाईल बोलून सांगतो, म्हणून कळंबहून धाराशिवला एकटा जातो. त्या दिवशी एसटीत अपंगांच्या राखीव सीटवर बसून मोबाईलवर बोट फिरवत होतो, तर ढोकीचं तिकीट काढलेला एक जण अंगावर आला, “आंधळा म्हणं, अन् मोबाईल चालवतो व्हय? ऊठ!”

म्हणजे आंधळ्यानं मोबाईलही ठेवू नये? कार्ड दाखवलं, पण गाडीत कुणी ब्र काढला नाही. उभा राहिलो. माझ्या जागेवर तो घोरायला लागला.

ढोकी आल्याचं मोबाईलनं कानात सांगितलं, तेव्हा मीच त्याला हलवलं, “उठा, ढोकी आली.”

तो धडपडत उठला आणि उतरता उतरता सगळ्या गाडीला ओरडून सांगून गेला, “बघा, म्हणलं नव्हतं? याला दिसतंय!”