कात्रीबाईंचा गुरुवार

सगळा रस्ता त्यांना कात्रीबाई म्हणतो. पॅन्ट आखूड करायची असो की कोटाचं अस्तर बदलायचं असो, जायचं त्यांच्याच दुकानात. हात असा की शिवण शोधूनही सापडायची नाही. आता अधूनमधून बाई स्वतःच सापडत नाहीत, ही गोष्ट वेगळी. म्हणजे मशीनसमोर बसलेल्या असतात, पण तासाभरानं भानावर येतात तेव्हा त्या तासाचं काही म्हणजे काही आठवत नाही. तेवढा वेळ त्यांच्यातलीच दुसरी बाई कारभार पाहते. डॉक्टर याला डिसोसिएटिव्ह आजार म्हणतात. एकदा एकाच कोटाची बाही दोघींनी मिळून दोनदा कापली, तेव्हापासून मापांच्या वहीत बाई स्वतःलाच बजावतात, "उजवी बाही झाली. पुन्हा हात लावू नये."

डॉक्टर तीन तासांच्या अंतरावर, भेट महिन्यातून एकदा. इथं जवळपास हा आजार असलेलं आणखी कुणी आहे का, ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. घरी वहिनी जीव लावायची, पण तिला तरी हे आतून कसं कळणार? सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागणार नाही, असं एक तरी माणूस बाईंना हवं होतं. एकटेपणानं त्या अगदी मेटाकुटीला आल्या होत्या.

शेवटी त्यांनी वाचनालयाच्या फळ्यावर कागद लावला. "तुमचेही मधले तास हरवतात? गुरुवारी चार वाजता शिवणाच्या दुकानात या. चहा आहे."

तीन गुरुवार तो चहा वहिनीनंच संपवला.

चौथ्यांदा कागद लावायला गेल्या तेव्हा ग्रंथपाल वैतागला. "अहो ताई, लावता तुम्हीच आणि दुसऱ्या दिवशी काढून नेता तुम्हीच! काय ते एकदा ठरवा ना."

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आधी राग आला, मग हसू. वहीत त्यांनी लिहिलं, "कागद का काढतेस गं?" दोन दिवसांनी खाली बारीक अक्षरात उत्तर आलं, "अनोळखी माणसं येतील. दार लावून घेतील."

राग कुठल्या कुठे पळाला. बाईंनी लिहिलं, "दार उघडं राहील. दाराजवळची खुर्ची तुझी. वहिनी असेल."

या खेपेला कागद जागेवर राहिला. गुरुवारी बेकरीवाला आला, कोपरापर्यंत पीठ घेऊन. "माझेही तास जातात," तो म्हणाला. "एकदा पिठात तीनदा मीठ घातलं. गिऱ्हाइकं अजून ऐकवतात." बाई पोट धरून हसल्या आणि हसता हसताच हरवल्या.

भानावर आल्या तेव्हा त्या दाराजवळच्या खुर्चीत होत्या. पळाला असणार बिचारा! पण बेकरीवाला समोरच बसून बटणांचे रंग वेगळे करत होता.

"पाच वाजून दहा मिनिटं झालीत," तो सहज म्हणाला. "तासभर त्या दुसऱ्या बाई होत्या. तुमच्या वहिनीही इथंच आहेत, आत चहा टाकतायत. दार उघडंच होतं. फार बोललो नाही, दोघांनी बटणं निवडली."

बाईंचे डोळे भरून आले. किती दिवसांनी कुणी न विचारता एवढं सगळं सांगितलं होतं.

"पुढच्या गुरुवारी याल?"

"येणार तर," बेकरीवाला म्हणाला. "त्या दुसऱ्या बाईंनी मघाशीच बोलावलंय."