बेलवलीची पोरगी युनिव्हर्सिटीत पहिली आली!

हसणार तुम्ही, मला माहितीये. हसा, पण चहाचा घोट गिळून मग हसा, नाहीतर ठसका लागायचा. माझी अब्रू गेली ती चोरून-लपून नाही हो, भर विहारात, माइकवरून गेली!

नव्वदीच्या आसपासची गोष्ट. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात क्लार्क, राहायला बदलापूरला, बेलवलीत. आणि हौस कसली? पत्रकारितेची! उल्हासनगरहून एक साप्ताहिक निघायचं. आमच्याकडचं कोणी बी.ए. झालं, कोणाला युनिव्हर्सिटीचं बक्षीस मिळालं, की त्याची बातमी मी द्यायचो. एखाद्या आठवड्यात कोणीच काही पराक्रम केला नाही, तर माझा जीव कासावीस व्हायचा.

एका रविवारी माझे साडू घरी आले. ते युनिव्हर्सिटीत शिपाई. बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "काय पोरगी आहे हो तुमच्या बेलवलीची! दादर-गिरगावची पोरं राहिली मागे आणि ही पहिली आली!"

"युनिव्हर्सिटीत?"

"मग काय! माझ्या डोळ्यांदेखत. सुजाता कांबळे नाव सांगितलंन."

झालं! सुजाता म्हणजे आमच्या शेजारच्या कांबळेदादांची मुलगी, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. दादा फिटर, माणूस तापट. त्यांनी पोरीला बजावलेलं, "पास झालीस तर पुढं शीक. नापास झालीस तर वांगणीचं स्थळ तयार आहे, मुकाट्यानं लग्नाला उभं राहायचं." आणि आता पोरगी थेट पहिली! साडूंना अजून चहा हवा का, हे विचारायचंही भान राहिलं नाही मला.

तडक उल्हासनगर गाठलं. साप्ताहिकाचे मालक सिंधी शेठ. बातमी ऐकून खुर्चीतून उठलेच.

"युनिव्हर्सिटी में फर्स्ट? अपने बदलापूर की लडकी? अरे साईं, अंदर के पन्ने पे क्यूं? पहले पन्ने पे डाल, मोटे अक्षर में!"

टाकली की! 'बेलवलीची सुजाता विद्यापीठात प्रथम.' खाली माझं नाव, तेही मोठ्या अक्षरातच.

अंक आला आणि कांबळेदादा धावत माझ्या घरी. मला मिठीच मारली. डोळ्यांत पाणी. "भाऊ, ही कार्टी मला म्हणते, रिझल्ट लागायचाय अजून! बापापासून एवढं लपवायचं?"

"लाजते हो पोरगी!" मी म्हटलं.

संध्याकाळी सुजाता आली. तोंड एवढंसं झालेलं.

"काका, काय छापलंत हे? मी पहिली आले, पण तशी नाही..."

"कळतं मला. तुला गाजावाजा नकोय."

"अहो काका, ऐका तरी!"

"एक शब्द नको! विहारात सत्कार ठरलाय. भाषण तयार ठेव."

पोरगी रडकुंडीला आली आणि मी समजलो आनंदाश्रू! माझ्यासारखा शहाणा शोधून सापडायचा नाही.

सत्काराला विहारात सतरंज्या कमी पडल्या. वंदना झाली, हार झाला, मग माइक माझ्या हातात. मी असा काही सुटलो म्हणता! सुजाताची जिद्द, सुजाताची चिकाटी... आणि ती आपली खाली मान घालून बसलेली. एवढ्यावर थांबावं की नाही माणसानं? पण मला दुर्बुद्धी सुचली. "प्रत्यक्ष साक्षीदार इथं हजर आहेत," म्हणून मी साडूंना पुढे बोलावलं.

साडू बिचारे भोळे. "जय भीम! तर सकाळी मी गेट उघडलं, समोर हीच उभी. म्हटलं, बाई, एवढ्या लवकर कुठून आलीस? म्हणे, बदलापूरहून."

मी मधेच तोंड घातलं. "गेट? कसलं गेट?"

"युनिव्हर्सिटीचं हो! नापास पोरं पेपर पुन्हा तपासून मागतात ना, त्याची रांग. मागे ही गर्दी, आणि आपली सुजाता पहिली!"

मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

सुजाता उठली. "बाबा, माझा अकाउंट्स राहिला. तुम्हाला सांगायची हिंमत होईना. काकांना सांगत होते, पण ते ऐकतील तर ना!" आणि रडायलाच लागली.

खरं सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. माझ्या हौसेपायी पोरीचं शिक्षण सुटणार! कांबळेदादा उठून तिच्यासमोर उभे राहिले.

"एकटी गेलीस?"

"हो. पेपर चांगला गेला होता बाबा. खरंच."

दादांनी खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला. मग म्हणाले, "वांगणीवाल्यांना कळवतो, पोरगी अजून शिकतेय. एक विषय तर राहिलाय. नाहीच वाढले मार्क, तर पुन्हा बस."

टाळ्यांचा कडकडाट! सुटलो बुवा, म्हणून सगळ्यात जोरात मीच वाजवल्या. तर दादा गर्रकन माझ्याकडे वळले. आणि माइक चालूच.

"पोरगी अकाउंट्स सोडवेल हो! पण भाऊ, 'पहिली आली' म्हणजे कुठं आली, एवढं विचारायचं कळलं नाही तुम्हाला? तुम्हाला मराठीत पास केलं तरी कोणी?"

अख्खा विहार माझ्या उत्तराची वाट बघतोय. काय सांगणार, कपाळ?

त्याच युनिव्हर्सिटीनं. बी.ए., मराठी घेऊन!